यंत्रात नसलेलं नाव

दिनांक १२ नोव्हेंबर
कारखाना, सकाळची वेळ

तीर्थरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, तो पोचला असं धरा. वाकताना हल्ली गुडघे कुरकुरतात, आणि तुमच्यापुढे वाकायचं म्हटलं की जरा जास्तच.

इकडे सर्व खुशाल. कर्ण्यांच्या कारखान्याला नवा रंग दिला. मोठीला नोकरी लागली, धाकटीचं अजून काही ठरत नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा हिला खरंच वाटेना. "दादांचं? आपल्या दादांचं?" असं म्हणत तिने पाकीट उजेडाला धरून बघितलं, जणू आत काहीतरी जिवंत असावं. मधल्या वर्षांत तुम्हाला 'तू' म्हणायची सवय मोडली, म्हणून 'तुम्ही' लिहितोय. गैरसमज नसावा, मान वाढलेला नाही.

पत्राचा विषय समजला. जंक्शनवरचा नवा कर्णा नेमका तुमच्या गॅलरीसमोर आला आहे, त्यातून दिवसभर तुमचाच आवाज येतो, आणि तो सारखं एकच म्हणतो, "गाडी उशिरा धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तुम्ही लिहिता, घास घशाखाली उतरत नाही. कॉलनीतली पोरं जिन्यात गाठून 'दिलगीर आजोबा' म्हणतात. भाजीवाल्याकडे सुटे नसले की तोसुद्धा हात जोडून "होणाऱ्या गैरसोयीबद्दल" सुरू करतो. वहिनींचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. पुतणीने फोनवर सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "उभ्या जन्मात या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकलं नाही. शेवटी रेल्वेने ऐकवलं."

मी इतका हसलो की चहा सांडला.

तुमची विनंती अशी की शक्य झाल्यास कर्णा दुसरीकडे फिरवावा, नाहीतर आवाज बदलावा. त्या 'शक्य झाल्यास'वरून दिसतं की हे सगळं योगायोगाने झालं असं तुम्हाला अजून वाटतंय. बाकीच्या स्टेशनांवरचे कर्णे आमच्या इंजिनिअरांनी आखणी करून बसवले. तुमच्या जंक्शनवरचा तो एक मी स्वतः शिडीवर चढून बसवला. खाली दोघं शिडी धरून "साहेब, उतरा हो, आम्ही बसवतो" म्हणत होते. समोर गॅलरीत तुमचा बनियन वाळत होता. त्यावर नेम धरला आणि स्क्रू आवळले.

गाड्या उशिरा येतात त्याला मात्र मी जबाबदार नाही. ती कृपा रेल्वेच्या आधुनिकीकरणाची. गाड्या नव्याकोऱ्या आल्या, दारं आपोआप उघडतात, आत गारेगार. पण रूळ तेच आणि पूल तेच, त्यामुळे नवी गाडी येते ती जुन्या मालगाडीच्या मागे रांगेत उभी राहते. नवे सिग्नल बसवायचे तर जुने बंद करावे लागतात, आणि जुने बंद केले की सगळंच बंद. दार उघडतं ते फलाटाच्या गुडघाभर वर. म्हाताऱ्या माणसांना उतरवायला लाकडी खोकं ठेवतात, आणि ते खोकं शोधण्यात गाडी आणखी उशिरा सुटते. रेल्वेच्या या प्रकल्पाच्या प्रमुख बाई हुशार आहेत, रात्रंदिवस राबतात, पण त्या तरी किती ठिकाणी पुऱ्या पडणार? मला म्हणाल्या, "गाड्या वेळेवर यायला अजून काही वर्षं जातील. तोवर माफी तरी नीट मागू या. यंत्राच्या आवाजाने लोक जास्त चिडतात. माणसाचा आवाज हवा."

मी म्हटलं, "माणूस आहे माझ्या पाहण्यात. जंक्शनचा जुना निवेदक. निवृत्त झालाय, पण आवाज अजून खणखणीत. आणि बाई, त्याने आयुष्यात कधी माफी मागितलेली नाही. तुम्हाला अगदी कोरी मिळेल."

बाईंना विनोद वाटला.

तुम्ही रेकॉर्डिंगला आलात. कंपनी कोणाची हे तुम्ही विचारलं नाहीत. देशभर आपला आवाज घुमणार म्हटल्यावर तुम्ही कशाला विचाराल? इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आमच्या ध्वनी-तंत्रज्ञ मुलीच्या मागच्या खोलीत, काळ्या काचेआड, मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. स्टेशनांची नावं तुम्ही झकास म्हटलीत. आकडे, वार, फलाट, सगळं एका दमात. मग ते वाक्य आलं, आणि मी तिच्या हेडफोनमध्ये सांगितलं, पुन्हा.

"काका, पुन्हा घेऊ या."

"का? काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. पण गाडी उशिरा आलीय आणि तुम्ही प्रवाशावर उपकार केल्यासारखं म्हणताय."

"हे बघा बाई, माझी हयात गेली माइकसमोर."

"म्हणूनच सांगते. पाटीवरचं वाचल्यासारखं वाटतंय. जरा घरच्या माणसाला सांगताय असं म्हणा ना."

मी सांगत गेलो, ती म्हणत गेली, पुन्हा, पुन्हा. तुमच्या कपाळावर घाम आला, तो पुसायला तुम्ही पेनाच्या खिशातला रुमाल काढलात. 'घरच्या माणसाला' ऐकल्यावर तुम्ही समोरचा कागद उलटा ठेवलात. मग तुम्ही ते वाक्य असं म्हटलंत की ती पोरगी बटण बंद करायचं विसरली. तेच आज साऱ्या देशात वाजतं.

ते कोणाला उद्देशून होतं, हे विचारायला मी बाहेर आलो नाही. विचारलं असतं तर कदाचित तिथेच सगळं मिटलं असतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं.

आता इथून पुढे 'तुम्ही' जमणार नाही.

मामा आईला घेऊन राजधानीच्या इस्पितळात निघाले होते, दुपारच्या गाडीने. गाडी फलाट एकवर थांबली. मी तीनवर उकडलेली अंडी विकत होतो. आई मामांना म्हणाली, "धाकट्याला बोलवा, तोंड बघू दे." मामा धापा टाकत जिना चढून तुझ्या खोलीत आले. तिथे मोठे साहेब तपासणीला बसले होते. साहेबांना तू सांगून ठेवलं होतंस की धाकटा परगावी कॉलेजात आहे. तू मामांना म्हणालास, "बोलावतो, तुम्ही डब्यात जाऊन बसा." मामा गेले.

आणि तू माइक उघडलास. मी ऐकत होतो, दादा. तुझं एकही वाक्य मी कधी चुकवायचो नाही, कारण तो माझा भाऊ बोलतोय हे मला गिऱ्हाइकांना सांगायला आवडायचं. तू म्हणालास, फलाट दोनच्या बाकावर पिवळ्या मुठीची छत्री राहिली आहे, मालकाने घेऊन जावी. दोनदा म्हणालास.

गाडी सुटली. मी हात हलवणाऱ्या माणसांना अंडी विकत होतो.

आई परत आली नाही. सगळं आटोपल्यावर मामांनी मला विचारलं, "एवढा जिना चढून दादाला हाक मारायला सांगितलं, आला का नाहीस रे?" तेव्हा मला कळलं. तुला विचारलं तर तू म्हणालास, "कामाच्या गडबडीत राहिलं."

मी अंड्यांची बादली टाकली आणि कर्णे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात राहिलो. लोक म्हणतात, याला धंद्याची नजर होती. नजर कसली? त्या भोंग्यातून एक नाव बाहेर पडायला असं काय अवघड असतं, एवढंच मला बघायचं होतं. उघडून बघितलं. काही अवघड नसतं. बटण दाबायचं आणि बोलायचं.

आता तुझ्या विनंतीचं. नवं यंत्र साठवलेले शब्द जोडून हवं ते वाक्य तयार करतं. 'आई आणि बाळ यांच्यासाठी वेगळी खोली आहे' ही घोषणा तुझ्याकडून वाचून घेतली होती, आठवतं? अशी खोली एकाही स्टेशनात नाही. ती घोषणा मी घातली. परवा ऑफिसात एकटाच बसून मी शब्द जुळवले आणि बटण दाबलं. तुझ्या आवाजात, अगदी स्वच्छ, यंत्र म्हणालं, "कृपया त्वरित फलाट क्रमांक एकवर यावे. आई वाट पाहत आहे."

वाक्याच्या सुरुवातीला मात्र नुसती शांतता. आई मला ज्या नावाने हाक मारायची ते नाव यंत्रात नाही. ते तू कधी माइकवर म्हटलेलंच नाहीस.

जंक्शनवर तुझी जुनी खोली अजून आहे. यंत्र बंद पडलं तर असावा म्हणून तिथे एक हातातला माइक ठेवलाय. येत्या रविवारी दुपारची गाडी एकवर उभी असेल तेव्हा तू तो जिना चढ. स्टेशनमास्तरांना मी कळवलंय. जुने सहकारीही चहाला येतील, त्यांनाही मीच बोलावलंय. सगळ्यांसमोर माझं नाव घे, माझा भाऊ म्हण, आणि ते वाक्य पुरं कर. मी तीनवर उभा असेन. कर्णा त्याच संध्याकाळी फिरेल, आवाजही बदलेल.

नाही आलास तरी हरकत नाही. गाड्या अजून काही वर्षं उशिराच येणार आहेत.

एक आधीच सांगून ठेवतो. हाक ऐकू आली तरी मी एककडे धावत येणार नाही. तिथे आता कोणी नाही. मी ऐकेन आणि घरी जाईन.

वहिनींना नमस्कार, पुतणीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,

(सहीची जागा मोकळी ठेवली आहे. ते नाव लिहून चालणार नाही, तू म्हणायचं आहेस.)