आईने पाठवलेली बदकं

प्रिय रबाब,

आईने तुझ्याकडे पाठवलेली बदकांची जोडी आधी खुराड्यात कोंडून घे, हात स्वच्छ धू, मगच हे वाचायला बस. लगेच का, कशाला विचारू नकोस, तुझी मेली सवयच आहे ती. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून खोटंच निघतं. आईला साधी सर्दी झालीय म्हणून आठवडाभर तुला टोलवतेय.

गच्चीवर आई बदक मांडीत दाबून बसायची आणि भिजवलेला मका स्वतःच्या तोंडात घेऊन त्याच्या चोचीत फुंकायची, आठवतं? आपण नाकं मुरडली की म्हणायची, "तुम्हालाही असंच भरवलंय गं, तेव्हा बरं गोड लागलं!" तुझ्या बाळंतपणासाठी यंदाही तशीच भरवली. मी ओरडले, तर म्हणे, "अगं, तूच लस टोचवून घेतलीस ना त्यांना? मग आता कसली भीती, डॉक्टरीणबाई?"

टोचवली होती गं. पण बर्ड फ्लूचा हा विषाणू पेशीला चिकटून आत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या नकला काढून घेतो. नकला गचाळ, दरवेळी काहीतरी चुकतंच. एखाद्या चुकीने त्याचं रूपच पालटतं. लशीने शरीराला ओळखायला शिकवलेला असतो जुना चेहरा. नवा समोरून गेला तरी पत्ता लागत नाही. गच्चीवरच्या बाकीच्या बदकांचे नमुने प्रयोगशाळेत मीच तपासले. सगळी धडधाकट आणि सगळ्यांत विषाणू. मला एवढं सगळं कळतं, रबाब. काय चाटायचंय त्या कळण्याला?

त्याच विषाणूने आई साथीच्या तापाच्या इस्पितळात आहे, काचेपलीकडे. औषध सुरू व्हायला उशीर झाला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलवत नाही. काल तिने बोटांची चोच केली आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. तू बदकं खाल्लीस का, विचारत होती. मी मान डोलावली, रस्सासुद्धा प्यायलीस असं खुणेने सांगितलं. ती इतकी सुखावली की मला तिथे उभं राहवेना.

कशाने झालं, ते तिला कधीच कळू द्यायचं नाही. ती जोडी कापू नकोस, तुझ्या नवऱ्याला, हमदीलाही हात लावू देऊ नकोस. जनावरांच्या दवाखान्याची माणसं येऊन नेतील. सोबतच्या गोळ्या दोघांनी आजच सुरू करा, पोटातल्या बाळासाठी तरी. ताप वाटला तर लगेच इस्पितळ गाठ. आणि आईला बघायला येऊ नकोस. मी काहीही कळवलं तरी येऊ नकोस. तिच्यासाठी माझ्या हातात आता काही उरलेलं नाही. तिने तुझ्याबद्दल विचारलं, तर सांगेन, पोटभर जेवून झोपलीय.

तुझीच,
सोहैर