कोरड्यावर बांधलेली बोट

माय, तुझा मुलगा महिनाभर एक शब्द बोललेला नाही. हे ऐकून तू आधी पोटभर हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "कुणी शिवलं याचं तोंड?" डॉक्टरांनी शिवलं. इतकी वर्षं चौकाचौकात, मोर्च्यांत, मंगल कार्यालयांत, माइक असो नसो, मी ओरडत आलो. त्याचं फळ म्हणून घशातल्या पडद्यावर गाठ आली. ती काढली. डॉक्टरांनी बजावलं, की दीड महिना बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. जखम भरायच्या आत जोर दिला तर आवाज फाटेल, आणि फाटलेला आवाज परत येईलच असं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पाण्याची परिषद आहे. मराठवाड्याच्या वाट्याचं पाणी वरच्या धरणांत अडून राहतं आणि आपण खाली टँकरची वाट बघत बसतो, हे तिथं मी बोलायचं आहे. दुसरा कोण बोलणार? म्हणून गप्प आहे. गळ्यात लहान मुलासारखी पाटी अडकवून फिरतो आणि लागेल ते त्यावर लिहितो. बायको वाचते, पुसते, आणि बऱ्याचदा उत्तर न देताच पुसते.

माझी मुलगी पुण्याहून आली तेव्हा एक भलामोठा खोका घेऊन आली. आत बोट. तयार नव्हे, सुटी. तुकडे जोडून आपण करायची आणि मग रिमोटनं पाण्यावर चालवायची. साधी बोटही नाही, टगबोट म्हणे. मोठ्या जहाजाला बंदरात दोर लावून ओढून आणणारी बुटकी, रुंद, दांडगी बोट. मी पाटीवर लिहिलं, "मी लहान आहे का?" ती म्हणाली, "बाबा, तुमचे हात रिकामे राहिले की तोंड चालतं. हात गुंतवा." आजीवर गेलीय पोरगी. मी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, "या शहरात बोट?" त्यावर ती नुसती हसली आणि परत गेली.

तू हे शहर आता ओळखणार नाहीस. जुन्या मोंढ्यात आपलं दुकान होतं तेव्हा बायपासच्या बाजूला ज्वारीची रानं होती. आता तिथं सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत मी राहतो. इमारतीला लिफ्ट आहे, खाली गाड्या लावायला जागा आहे, दारावर पहारेकरी आहे. नळ आहेत आणि नळांत पाणी नाही. बिल्डरनं जाहिरातीत कारंजं दाखवलं होतं. त्या कारंज्याच्या कोरड्या खड्ड्यात हल्ली कुत्री झोपतात. माणसं वाढवली, मजले वाढवले, आणि पाण्याचा विचार पुढच्या पिढीवर ढकलला, हे वाक्य मी किती सभांत म्हटलं असेल! आणि त्या शहरात, दिवसाआड टँकर येणाऱ्या इमारतीत, मी जेवणाच्या टेबलावर बोट बांधत बसलो. बायको म्हणाली, "शेजारच्यांनी बघितलं तर म्हणतील, याचा घसा नाय, डोकं तपासा."

माय, मी तुझा मुलगा. मोटर वाइंडिंगच्या दुकानात वाढलेला. वडील गेल्यावर तू ते दुकान चालवलंस. आपल्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी तांब्याच्या तारेची रिळं असायची, आणि फोडणीच्या वासात व्हार्निशचा वास मिसळलेला असायचा. दुष्काळ आला की आपलं काम वाढायचं, हे मला फार उशिरा उमगलं. विहिरी तळाला जायच्या, मोटरी कोरड्या चालायच्या, जळायच्या, आणि वैजापूरकडून, फुलंब्रीकडून लोक त्या पोत्यात घालून आणायचे. तू चुलीपुढं बसून तारेचे वेढे मोजतेस. मी शाळेतून येतो, मला वर्गातलं काही सांगायचंच असतं, आणि मी तोंड उघडलं की तुझा वेढ्यांचा हिशेब चुकतो. "गप! मोजतेय." माझं सगळं लहानपण त्या दोन शब्दांत गेलं. घरात बोलायची सोय नव्हती म्हणून मी रस्त्यावर बोलायला लागलो, असं मी एका मुलाखतीत सांगितलं होतं. लोक हसले. मी गंमत करत नव्हतो.

वक्तृत्वाची पहिली ढाल घेऊन मी दुकानात आलो तो दिवस आठवतो. तू ढालीकडं बघितलंस, हात पुसलेस, गल्ल्यातून पिवळ्या दांड्याचा टेस्टर काढून माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "हे घे. बोलून दमलास की याच्यानं काहीतरी कर." मला तेव्हा लई राग आला होता. आज तोच टेस्टर घेऊन मी बोटीचे स्क्रू आवळतो आहे, आणि राग तसाच आहे. कारण मला काही येत नाही, माय! मी भिंतभर पुस्तकं वाचली, धरणांचे अहवाल वाचले, आणि एक दांडा सरळ बसवता येत नाही. मोटर आणि बोटीला पाण्यात रेटणाऱ्या पंख्याचा दांडा एका रेषेत आला नाही की बोट गुरगुरते. तू मोटरीला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचीस आणि सांगायचीस, बेअरिंग गेलंय. मीही कान लावला. मला फक्त गुरगुर ऐकू आली.

मग सुकाणू. रिमोटची काडी डावीकडं केली की सुकाणू उजवीकडं वळायचं. मी जोडणीची तार काढली, उलटी लावली, पुन्हा काढली, वाकवली, शेवटी मोडली. नवी तार केली. त्यानंतर कळलं की रिमोटवरच एक बारीक बटण आहे, ते सरकवलं की दिशा उलटते. पुढं जायचं म्हटलं की पंखा बोटीला मागं रेटायचा. त्यावर मी एक अख्खी दुपार घालवली. दोन तारांची अदलाबदल करायची, इतकंच होतं ते! ज्या घरात मोटर उलटी फिरली की तू दोन तारा बदलायचीस आणि बोलणं न थांबवता पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचीस, त्या घरातला मी. मला टेबलावर मूठ आपटायची होती, एक सणसणीत शिवी द्यायची होती. शिवी पाटीवर लिहिली. पाटीवरच्या शिवीत काही राम नाही.

आणि मग मी खरी चूक केली. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की वरचा डेक चिकटवायच्या आधी बोट पाण्यात ठेवा, आत वजन घाला, रंगाच्या रेषेपर्यंत ती बुडते का बघा, मगच डेक बंद करा. मी ते वाक्य पेन्सिलनं अधोरेखित केलं होतं. तूही हेच शिकवलं होतंस. मोटर आधी उघडी चालवून बघायची, मग झाकण. वैजापूरच्या एका माणसानं घरीच दुरुस्ती करून झाकण पक्कं बसवून आणलं होतं आणि मोटर फिरत नव्हती, तेव्हा तू सगळ्या दुकानासमोर विचारलं होतंस, "पाव्हणं, झाकण लावायची लई घाई झाली होती का?" पण तू दुसरंही शिकवलं होतंस. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी तुळशीला, आणि पेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतलं तर पाठीत धपाटा. मी टब भरायला गेलो तर बायको दारात उभी. "दोन दिवसांचं पाणी आहे ते. बोटीला आंघोळ घालायची नाय." मी मान डोलवली. तिचं पटलं म्हणून नव्हे, तर मलाही खेळण्यासाठी टबभर पाणी वापरणं पाप वाटलं म्हणून. ठरवलं, अंदाजानं वजन घालू. टायरवाल्याकडून चाकाला लावतात ती शिशाची वजनं आणली, हातात तोलून बघितली, तळाशी चिकटवली आणि डेक बंद केला. वर केबिन बसवली, चिमणी बसवली, कडेला काळे टायर बांधले. टेबलावर इतकी देखणी दिसली की मी फोटो काढून मुलीला पाठवला.

टँकर आला त्या दिवशी कापलेल्या निळ्या पिंपात तिला सोडली. बुचासारखी वर तरंगली, लाल तळ सगळा उघडा, आणि मग सावकाश कुशीवर झोपली. टँकरवाला नळी गुंडाळता गुंडाळता थांबला. म्हणाला, "साहेब, पाणी कम पडलं की बोट जादा झाली?" वजन पाहिजे होतं त्याच्या निम्मंही नव्हतं, आणि आता पुढच्या-मागच्या टोकाला हात जायला वाटच नव्हती. बॅटरीपुरती एक झडप ठेवलेली, बाकी सगळं पक्कं. बायको कानाशी म्हणाली, "ओरडू नका हं. एक शब्द नाय." मी ओरडलो नाही. वर आलो, करवतीचं पान घेतलं आणि स्वतः घासून गुळगुळीत केलेला डेक स्वतःच कापला. माझ्या हातून इतक्या रागानं आणि इतक्या गुपचूप आजवर काही झालं नसेल. वजन घातलं, पुन्हा पिंपात सोडली, आणखी घातलं, डावीकडं कलली म्हणून सरकवलं, रेषेवर आणली. डेकची पट्टी चिकटवली. तो जोड आजही जखमेच्या व्रणासारखा दिसतो.

आज सकाळी ती खऱ्या पाण्यावर सोडली. बायकोचा धाकटा भाऊ फुलंब्रीजवळ मोसंबीची बाग करतो. झाडं जगवायला त्यानं शेततळं भरून ठेवलंय, प्लास्टिक अंथरलेलं, टँकरनं भरलेलं. बोट बघून म्हणाला, "दाजी, पाणी पीत नाय ना ही? मग सोडा खुशाल." आणि माय, चालली! पुढं, मागं, गोल. मी हसत होतो, आवाज न करता. बायको पोह्यांचा डबा उघडून बांधावर बसली होती. मग तळ्याच्या पलीकडच्या कडेजवळ बोट थांबली. चाचण्या करून करून मी बॅटरी संपवली होती, आणि रात्री चार्ज करायला विसरलो होतो. मेव्हणा म्हणाला, "थांबा, मी काढतो." वळसा घालून तिकडं गेला आणि उतारावर पाय ठेवला.

ते प्लास्टिक शेवाळानं साबणासारखं झालेलं असतं. शेततळ्यात घसरलेला माणूस, पोहता येत असलं तरी, वर येऊ शकत नाही; आपल्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही. पण तो बोटीकडं बघत होता, आणि त्याच्या पुढच्या पावलाखालचा हिरवा पट्टा मला समोरून दिसत होता, त्याला दिसत नव्हता. हातातला रिमोट टाकून टाळी मारण्याइतका वेळ नव्हता. "मागं हो" एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. छातीत श्वास भरला. आणि थांबलो. मला मेव्हणा दिसला नाही, माय. परिषदेचं व्यासपीठ दिसलं. फाटलेला आवाज दिसला. डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ, पण तेवढ्यात मी हिशेब केला. तो घसरला. छातीपर्यंत पाण्यात गेला. हाताला मोटरीचा पाइप लागला म्हणून लटकून राहिला, मग त्याच पाइपला धरून कोपरांवर वर आला. भिजलेला, हसत. "दाजी, तुमच्या बोटीनं मलाच ओढलं की!" बायको रडत त्याच्याकडं धावली. बोट एका बाजूला कलून तिथंच हलत राहिली.

गाडीत बायको म्हणाली, "एवढं झालं तरी तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नाय. आता डॉक्टरांना सांगते मी." घरी आल्यावर तिनं मुलीला फोनवर हेच सांगितलं, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, मानलं तुम्हाला." मेव्हण्यानंही संध्याकाळी फोन करून सांगितलं, की दाजींनी आवाज जपला हे बरं झालं, परिषदेला आम्ही जीप भरून येतो. सबंध घर माझं कौतुक करतंय. आयुष्यभर लोकांच्या पाण्यासाठी ओरडलो असं म्हणवून घेणाऱ्या माणसाला एका माणसाच्या जिवासाठी दोन शब्द द्यायचे होते, आणि त्यानं ते सभेसाठी राखून ठेवले. हे मला कुणीतरी तोंडावर फेकून मारायला हवं होतं. मारणारं कुणी उरलेलं नाही.

तुला लिहिणं सोपं आहे; तू वाचणार नाहीस. बायकोनं मघाशी पाटी पुढं केली आणि विचारलं, "काही म्हणायचंय का?" मी लिहिलं, "चहा." खरं ते पाटीवर मावलं नसतं, अशी मी माझी समजूत घातली. मावलं असतं, माय. एका ओळीत मावलं असतं.