वीस सेकंद

४ सप्टेंबर

नाहीच जुळत! तिन्ही संध्याकाळच्या फोटोंत धूमकेतू गणिताने सांगितलेल्या जागेच्या केसभर मागे. दुसऱ्या कुठल्या सूर्याकडून आलेला पाहुणा, आठवड्यात आपल्या सूर्याआड जाईल — आणि माझं हे असं!

५ सप्टेंबर

घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी ताडलं. बरोबर! ऑब्रे स्वयंपाकघरातून ओरडला, "अगं, चहाबरोबरचे स्कोन गार झाले. तो धूमकेतू काय पळून जातोय?" म्हटलं, तेच तर करतोय मेला! नवऱ्याला हसू आवरेना. मला रडू.

६ सप्टेंबर

गेल्या वर्षी माझं घड्याळ खरंच पुढे गेलं होतं. आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाचा प्रमुख वॉरिक — जीभ नुसती कात्री! — भर सभेत म्हणाला, "रोवीना, तुझ्याकडे उद्या उजाडला का?" सगळे खिदळले. ऑब्रेसुद्धा. एकदा दुधाने तोंड पोळलंय.

ऑस्ट्रेलियात ढग, तिकडे वॉरिककडेही ढग. इकडे आमच्या ओटागो प्रांतात फक्त माझंच आकाश मोकळं. त्याचा फोन — "आकडे पाठवतेस ना बाई? की अजून चहाच चाललाय?"

७ सप्टेंबर

पाठवले.

प्रत्येक फोटोची वेळ वीस सेकंद मागे घेतली. ठिपका बरोब्बर रेषेवर! घड्याळच चुकलं असणार. असणारच.

८ सप्टेंबर

डोळ्याला डोळा नाही.

९ सप्टेंबर

सुटले! वॉरिकला काल संध्याकाळी तासभर आकाश मिळालं. त्याचेही आकडे थेट रेषेवर. म्हणजे माझं घड्याळच फसवं. चार स्कोन खाल्ले, वर जॅम.

१२ सप्टेंबर

नऊ तारखेला ढग सरल्यावर ऑस्ट्रेलियातली अकरा ठिकाणं, चिलीतली दोन — सगळ्यांकडे तो केसभर मागेच! उन्हाने त्याची वाफ सुटतेय, तीच त्याला मागे रेटतेय म्हणे. कधीपासून, यावर जुंपलीये. वॉरिक छाती ठोकून सांगतोय, "आठ तारखेपर्यंत तर नाहीच! रोवीनाचे आकडे आहेत, माझे आहेत." आणि धूमकेतू कालच सूर्याआड गेला. आता कोण पुन्हा बघणार?

सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं. मला! आणि मीच ते पुसलं. लाज वाटते.

१३ सप्टेंबर

मूळ फोटो सगळ्यांना पाठवले. सोबत दोनच वाक्यं: घड्याळ बरोबर होतं. वेळ मी बदलली.

ऑब्रे चहा ठेवून गेला.

१४ सप्टेंबर

वॉरिकचा फोन. आता सोलून काढणार म्हणून डोळे मिटून बसले. तो म्हणाला, "मीही वेळ बदलली गं. तुझ्या आकड्यांशी जुळावं म्हणून."