धावपट्टीच्या अलीकडे

६ जानेवारी
कॉकपिटचा डावा पॅनल संपवला. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरसाठी बनवलेली माझी आधीची तीन लढाऊ विमानं बाबांनी ‘खेळणी’ म्हणून उडवून लावली होती. हे मात्र त्यांचं. दोन सीटचं ट्रेनर जेट. हवाई दलात इंजिन फिटर होते तेव्हा हेच उघडलं, हेच जोडलं. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी खुर्ची पुढे ओढून बसले.
“हे बटन इतलं नवं कसं? हातमोज्यानं घासून रंग गेला होता त्याचा.”
रंग घालवला. दोन तास गेले. चिडले, पण त्यांचंच बरोबर निघालं.

९ जाने.
स. टायपिंगचा क्लास घेतला. दु. पंख. आई: “बाप-लेकीले दुसरं काई सुचत नाई. तूर कोन वाळू घालीन?” घातली.
संध्याकाळी बाबा एकदम म्हणाले, “इंजिन बंद पडल्यावर किती दूर जाते, ते बरोबर टाकजो.” “कशाला?” विचारलं, तर नुसता खोकला.

१४ जाने. संक्रांत
आई हळदीकुंकवाला गेली आणि बाबांनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
हवाई दलात असताना एके दिवशी उड्डाणाआधी या जेटच्या इंधनाचा फिल्टर उघडून पाहायचा होता. उघडला नाही. फॉर्मवर तपासणाऱ्याची सही आधीच होती. त्यानं तपासलंय म्हणजे झालं, म्हणून बाबांनी खाली आपली सही केली. तपासणाऱ्यानं का केली होती? बाबा करतीलच, म्हणून. अकराशे फुटांवर इंजिन बंद. उडवणारा साहेब परत वळला आणि धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडून गेला.
“तरना होता साहेब. सव्वीस वर्साचा. चौकशीत म्हने, उंची भरपूर होती, पायलटच वळन्यात चुकला.”
“आणि फिल्टर?”
“कोनी विचारलंच नाई. मी बी बोललो नाई.”
मग म्हणाले, “इमान धावपट्टीले पोचत होतं का नाई, येवढं मले पाहून दे.”
हातातला तिळगूळ तसाच राहिला.

२० जाने.
पोलंडचा तो म्हातारा, इंटरनेटवरून माझी विमानं घेऊन, उडवून चुका काढणारा, त्यानं खऱ्या मॅन्युअलची पानं पाठवली. आकडे भरले. बाबांचा डोळा लागल्यावर उडवलं. अकराशे फूट, इंजिन बंद, वळण. अलीकडेच पडलं. लवकर वळून पाहिलं, उशिरा वळून पाहिलं, चाकं वर ठेवून पाहिलं. दर वेळी अलीकडेच. म्हणजे साहेब चुकलाच नव्हता.
उठल्यावर विचारलं त्यांनी. मी म्हणाले, अजून आकडे बसत नाहीत. खोटं.

२३ जाने.
अकोल्याहून परत. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, महिने धरू नका. जीपमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. बाबा मला म्हणाले, “मी मेल्यावर दाखवशीन का?”
दु. फाइल उघडली. हवेच्या अडथळ्याचा एक आकडा कमी केला. एकच. विमान आरामात पोचलं, वर थोडी धावपट्टी उरली.

२५ जाने.
दाखवलं. तीनदा बघितलं. “पोचलं,” म्हणाले. मग ज्वारीची भाकर मागितली, वर ठेचा. आईचा चेहरा! मलाही बरं वाटलं, उगाच का नाही म्हणू. लेकीनं एवढंही करू नये का?

२८ जाने.
शेजारचे काका बसले होते. बाबा त्यांना हातानं वळण दाखवत, “साहेबच चुकला. घाई केली त्यानं.” दोनदा म्हणाले. मी चहा ठेवून आत गेले. मेलेल्या माणसावर आळ, आणि तो घातला मी.

२ फेब्रु.
बाबांनी स्वतःचा मोबाईल पुढे केला. “हा नंबर काढून टाक.”
कोणाचा?
“साहेबाच्या घरवालीचा. दिवाळीत जुन्या दोस्तापासून घेतला होता. पोचत नसतं, त बाईले सांगनार होतो, तुमचा मानूस चुकला नवता, चूक माही होती. आता कायले?”
हे माहीत असतं तर तो आकडा मी... खरंच नसता बदलला? माहीत नाही.
काढून टाकला म्हणून सांगितलं. आधी माझ्या मोबाईलमध्ये घेतला.

३ फेब्रु.
पोलंडहून निरोप, सामाईक फोल्डरमधली फाइल बघून: मॅन्युअलचा आकडा वेगळा आहे, चुकून बदलला का? उत्तर दिलं नाही. बाबा आज दोन पावलं जास्त चालले, ओट्यापर्यंत. त्यांना सांगावं तर ही भाकरही सुटेल. न सांगावं तर ती बाई, तिकडे कुठे असेल ती, नवऱ्याची चूक पदरात घेऊन बसलेली. विचार करून डोकं फुटायची वेळ.

४ फेब्रु.
स. क्लासला जाण्याआधी अंगणात जाऊन फोन लावला. “हॅलो, कोण?” थकलेला आवाज, मागे कुकरची शिट्टी. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. कापला.
तासाभरात तिकडून एकदा आला. उचलला नाही. क्लासमध्ये असताना परत आला. क्लासच्या पोरींना सुट्टी दिली.
आता लिहिताना परत वाजतोय. बाबा आतून: “कोनाचा फोन हाय वं? उचल ना.”