भुताचा बैल

यवतमाळ

तीर्थरूप आबाजींना निशिगंधाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, खोकला आणि आपली कपिला गाय (याच क्रमाने) बरे असतील अशी आशा करते. मी खुशाल आहे. आपलं गाव बोरी अरब सोडल्यापासून माझं वजनही वाढलं, असं आई म्हणते.

पत्रास कारण की, आमच्या कॉलनीतल्या मुलांनी हॅलोविन केलं. म्हणजे भूत व्हायचं, घरोघर जायचं आणि खाऊ मागायचा. मला वाटलं, लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागतो, तो आपला तान्हा पोळाच हा! म्हणून मी आईची पांढरी चादर पांघरली आणि तुम्ही करून दिलेला लाकडी बैल दोरीने ओढत गेले. (चादरीची भोकं आईला अजून दिसलेली नाहीत.) बाकी कुणाकडेच बैल नव्हता. बंटी इतका हसला की त्याचे प्लास्टिकचे सुळे नालीत पडले. समीक्षा म्हणाली, "भुताचा बैल असते का वं?" तरी मी सगळ्यांच्या मागे चालत राहिले, कारण जूनमध्ये इथे आल्यापासून पहिल्यांदाच मला कुणी खेळायला बोलावलं होतं.

शेवटचं घर विमलताईंचं. त्या एकट्या राहतात आणि दार लवकर उघडत नाहीत. खाऊ न देणाऱ्या घरावर अंडी फेकायची असतात म्हणे, म्हणून बंटीने पिशवीतून अंडी काढून वाटली आणि म्हणाला, "फेक दारावर. नाई तं उद्यापासून आमच्यात येऊ नको." आबाजी, बैल घेऊन ज्या दारी जायचं तिथे ओवाळून घ्यायचं असतं, त्याच दारावर अंडी कशी फेकायची? मी अंडं खिशात टाकलं, बैलासकट दाराला पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "मी नाई फेकत. तुमाले फेकाचं असन तं माह्यावर फेका." कुणी फेकलं नाही. सगळे निघून गेले. ते जास्त लागलं.

मग दार उघडलं. विमलताई भुताला घाबरल्याच नाहीत. बैल पाहून म्हणाल्या, "माय वं, तान्हा पोळा तं कवाचा झाला, तू आता येऊन राह्यली? माह्या दारी तं एकही पोरगं आलं नोयतं." त्यांनी ताट आणून बैलाला ओवाळलं आणि बोजारा म्हणून मूठभर फुटाणे दिले. मी पाया पडायला वाकले आणि खिशातलं अंडं फुटलं. त्या दिवशी फुटलेलं ते एकच अंडं.

आता शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नाही. एकटीने खाल्लं की डबा संपतच नाही. फार एकटं वाटतं, आबाजी. पण काळजी नसावी.

तुमची नात,
निशिगंधा

ता. क. हे आईला फोनवर सांगू नका. मला खूप मैत्रिणी आहेत, असं मी तिला सांगितलं आहे.

ता. क. दुसरा. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा. शिपाईकाका वर्गाच्या दारात उभे राहून कुणाचं पत्र, कुणाकडून, ते मोठ्याने पुकारतात, सगळ्यांना ऐकू जातं. पाकिटावर तुमचं नाव नको, फक्त 'तुझी मैत्रीण' असं लिहा. अक्षराची काळजी करू नका, तुमचं तसंही सहावीतल्या मुलीसारखंच आहे.