सहाशे ग्रॅम हॉप्स आणि एकशे तीस ग्रॅम साखर

मी, चंद्रशेखर शरदचंद्र मुजुमदार, वय वर्षे अडुसष्ट, सेवानिवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, मूळ गाव सांगली, हल्ली मुक्काम ब्यूशेनबाख, एर्लांगेन, माझ्या मागे काय व्हावं हे आज लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मला औषध नाही. डोकं शाबूत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. घरात विचारलं असतं तर लिहूच नका म्हणाले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

इथल्या जर्मन कायद्याप्रमाणे घरी केलेलं मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत स्वतःच्या हातानं लिहावं लागतं. टाइप केलेलं चालत नाही. ही अट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. सांगलीच्या जागेसाठी दोन साक्षीदार लागतात, म्हणून शेवटी त्यांच्याही सह्या घेतल्या आहेत.

कलम १. ब्यूशेनबाखची वोनुंग, म्हणजे राहतं घर, केलर ऊर्फ तळघरातल्या खोलीसकट, निम्मी माझी पत्नी सौ. साधना हिची आहेच. उरलेली निम्मीही तिचीच. तिच्या पश्चात आमची मुलगी कौमुदी हिची. बँकेतलं जे असेल तेही याच क्रमानं.

कलम २. सांगलीला विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये माझा धाकटा भाऊ राजाभाऊ राहतो. त्यानं तिथे तहहयात राहावं, कोणी त्याला उठवू नये. नंतर फ्लॅट कौमुदीचा. राजाभाऊनं १९९३ च्या मे महिन्यात वडिलांच्या व्हर्नियर कॅलिपरनं रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं होतं, आणि ते मी आजवर दर फोनला ऐकवत आलो. राजाभाऊ, ते मी आज सोडलं. दुसऱ्याची चूक महिन्यासकट लक्षात ठेवण्याचा अधिकार मला उरलेला नाही. का, ते कलम ४ मध्ये वाच.

कलम ३. तोच व्हर्नियर आणि माझा मायक्रोमीटरचा संच नात मैत्रेयी हिला. ती सहा वर्षांची आहे. ती जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत, आमचं उत्तम चालतं. पेन्सिलची जाडी तिला आत्ताच मोजता येते. तिच्या आजोबांचे हात मोजमापात कधी चुकले नाहीत, एवढं तिला सांगायला हरकत नाही. चूक हातांची नव्हती.

कलम ४. हे कलम लिहायला मला सात वर्षं लागली.

मी नोकरी केली ती सप्लायर क्वालिटीत. बाहेरून आलेला भाग बिघडला की तो का बिघडला याचा रिपोर्ट सप्लायरनं द्यायचा आणि मी तपासायचा. कारणाच्या रकान्यात ‘कामगाराची चूक’ असं लिहून आलेला रिपोर्ट मी एकदाही स्वीकारला नाही. लाल पेननं शेरा मारून परत पाठवायचो, की माणसावर ढकलू नका, मूळ कारण शोधा. लोक मला मागून शिव्या देत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

कौमुदीचा नवरा मयुरेश, म्हणजे माझा जावई, याला माझ्यासारखाच बिअर घरी करायचा नाद होता. सासरा-जावयाला बोलायला काही विषय लागतो, आमचा हा होता. घरी बिअर करायची तर इथे तेव्हा आधी कस्टम्सला कळवावं लागायचं. मी दर वेळी लिटरसकट कळवायचो. सरकारपासून मी काही लपवलं नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या त्साइडलरनं मला पाच किलो हॉप्स दिले. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. दळून, गोळ्या करून ती किलोकिलोच्या हवाबंद पाकिटांत येतात. त्याच्या भावाची श्पाल्टजवळ शेती आहे, माल उरला होता. वीस लिटर बिअरला शंभर ग्रॅम म्हणजे चिक्कार. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं, पण फुकट मिळालेली वस्तू नाकारायची शिकवण आमच्या घरात नाही. पाच पाकिटं फ्रीझरमध्ये कोंबली.

आठवड्याभरात साधना म्हणाली, “अहो, गणपती तोंडावर आलेत. नारळाचा चव ठेवायला जागा नाही आणि तुमचं हे गवत निम्मा फ्रीझर अडवून बसलंय. काढा, नाहीतर मी बिओटोनच्या ओल्या कचऱ्यात टाकून देईन.”

मग मयुरेशनं बेत आखला, की होऊ दे एकदा भयंकर कडू बिअर, हॉप्स तरी संपतील. त्यानं हिशेब करून वीस लिटरला चारशे ग्रॅमचा आकडा काढला. त्याच्या वर जायचं नाही म्हणाला. लेबलही त्यानंच केलं, ‘कडू कारलं’. आम्ही दोघं त्या दिवशी पोट धरून हसलो होतो.

चारशे ग्रॅम वापरल्यावर उघड्या पाकिटात सहाशे ग्रॅम राहिले. उघडलं पाकीट टिकत नाही. आईनं आम्हाला शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यावर आणि फोडणीच्या भातावर वाढवलं; टाकायचं म्हटलं की माझा हात पुढे होत नाही. गुरुवारी, ३० ऑगस्टला, घरात कोणी नसताना मी ते सगळेच्या सगळे सहाशे ग्रॅम आंबवणाच्या बादलीत ओतले आणि झाकण लावलं. मयुरेशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता.

शनिवारी आम्ही बाटल्या भरायला बसलो. मयुरेश म्हणाला, “बाबा, अजून बुडबुडे येतायत. मग आठवडाभर थांबू या का?”

मी म्हटलं, “अरे, आयुष्य क्वालिटीत काढलंय मी. भर बाटल्या.”

बाटलीत गॅस धरावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. ती त्यानं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजली आणि काटा माझ्यासमोर धरला. “बाबा, एकशे तीस. बघताय ना?” मी पाहिलं. एकशे तीसच होते. मग त्यानं बिअरचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, “बाप रे! चारशे ग्रॅमला एवढं कडू?” मी म्हटलं, यंदाचं पीक जोरात असेल. इतक्या सहज मी खोटं बोललो.

अकरा दिवसांनी, हरतालिकेच्या दिवशी, साधना उपाशीपोटी केलरमध्ये मोदकपात्र आणायला गेली. वाटेतला क्रेट बाजूला करताना एक बाटली तिच्या हातात फुटली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी काच घुसून शीर तुटली. ऑपरेशन झालं. अंगठा आजही पूर्ण वळत नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कौमुदीनं विचारलं, “बाबा, हे झालं कसं?”

मी म्हणालो, “साखर जास्त पडली असणार.”

एवढंच म्हणालो. मयुरेशचं नाव घेतलं नाही, ही माझी हुशारी. साखर कोणी मोजली होती ते सगळ्यांना माहीत होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणाला, “हो, माझंच चुकलं असेल.” मी मूग गिळून बसलो.

त्याच आठवड्यात मी ऑफिसातली प्रमाणित वजनं आणून तो काटा तपासला. ग्रॅमभराचाही फरक नव्हता. मग वाचन केलं. आंबवण संपत आल्यावर एवढे हॉप्स घातले, तर त्यांच्यातले काही घटक बिअरमधली यीस्टला न पचणारी साखर मोडून पचण्याजोगी करतात. आंबवण पुन्हा चालू होतं. बाटली बंद असेल तर गॅसला जायला वाट नसते. बुडबुडे त्याचेच होते, आणि पोरगा थांबू या म्हणत होता. मूळ कारण मला १६ सप्टेंबर २०१८ पासून माहीत आहे. बाकीच्या बाटल्या मी जाड जाकीट आणि गॉगल घालून बागेत एकेक करून उघडल्या. मयुरेश मदतीला आला होता. त्याला मी लांब उभं केलं, आणि तो लांब उभा राहिला.

त्या दिवाळीला आमचे स्नेही श्रीधर फराळाला आले असताना म्हणाले, “चहात साखर मयुरेशला घालू देऊ नका हं!” सगळे हसले. पहिला मी हसलो. तो विनोद आमच्या घरात सात वर्षं चालला आहे. मयुरेशही हसतो. त्यानं बिअर करणं सोडलं. आमच्या स्वयंपाकघरात तो पाण्याचा ग्लास घ्यायलाही येत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत मैत्रेयी नऊ महिन्यांची होती, तिला ताप भरला. मयुरेश सिरिंजमध्ये औषध भरत होता. कौमुदीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. “राहू दे, मी मोजते. तू नको.” तिनं रागानं नाही म्हटलं, सवयीनं म्हटलं. त्यानं सिरिंज दिली आणि बेसिनवर जाऊन उगाच हात धूत उभा राहिला. मी तीन हातांवर सोफ्यावर पेपर घेऊन बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी पान उलटलं. माझ्या आयुष्यात याहून लाजिरवाणी गोष्ट मी केलेली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये साधनाला तिचं मृत्युपत्र करायचं होतं. वर सांगितलेली अट आठवावी. साधनाला पानभर सलग लिहिता येत नाही, म्हणून आम्ही नोटारकडे, म्हणजे तोंडी सांगितलेलं मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलाकडे, गेलो. त्यानं सहज विचारलं, हाताला काय झालं? साधना हसत हसत त्याला जर्मनमध्ये म्हणाली, “आमच्या जावयाला साखर मोजता येत नाही.” नोटारही हसला. माझ्याकडे पाहून हसला. मला त्या खुर्चीत तोंड लपवायला जागा नव्हती. घरी येऊन कागद काढला, तो हा.

कलम ५. सबब मी लिहून देतो की साखर एकशे तीस ग्रॅमच होती, काटा बरोबर होता, आणि साधनाचा हात माझ्यामुळे गेला. तो वजनकाटा, बिअरचं भांडं आणि बादल्या मयुरेश याला. त्याला नको असतील तर त्यानं त्या माझ्या नावानं शिव्या घालत फेकाव्यात.

कलम ६. माझ्या पश्चात तेराव्या दिवशी कलम ४ आणि ५ सर्वांसमक्ष मोठ्यानं वाचावीत. श्रीधर यांनी वाचावीत, त्यांचा आवाज मोठा आहे.

कलम ७. उरलेली चार पाकिटं केलरमधल्या जुन्या फ्रीझरमध्ये तळाशी आहेत. ती टाकून द्यावीत. कंपोस्टवर टाकू नयेत, कुत्र्यांना हॉप्स बाधतात. माझ्याच्यानं ती टाकवली नाहीत.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीदार म्हणून मी श्रीधर आणि मयुरेश यांना तीन वाजता बोलावलं. साक्षीदारानं मजकूर वाचायचा नसतो, माझी सही होताना पाहायची आणि आपली करायची. हे मला पक्कं माहीत होतं, आणि मयुरेशला बोलावण्यामागे तोच हिशेब होता. स्वतःवरचा डाग धुणाऱ्या कागदावर त्यानं न वाचता सही करावी आणि खरं त्याला मी मेल्यावर कळावं. असा हिशेब मी आज सकाळी, धडधडीत शुद्धीवर असताना केला.

श्रीधर यांची सही झाली. मयुरेशनं पेन घेतलं. एक अक्षर न वाचता तो सरळ शेवटच्या पानावर गेला. “कुठे करू, बाबा?” म्हणाला. तेव्हा मला राहवलं नाही. मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, “आधी वाच.”

त्यानं वाचलं. कलम ४ त्यानं दोनदा वाचलं. मग विचारलं, “बाबा, काटा खरंच बरोबर होता?”

“हो.”

“म्हणजे मी बरोबर मोजली होती.”

“हो रे. बरोबर मोजली होतीस.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच थांबवलं. “माझं नंतर बघू. आधी आईंना सांगा. तेराव्याला नाही, आत्ता. तोवर मी सही करत नाही. आणि कौमुदीलाही तुम्हीच सांगायचं, मी नाही सांगणार.” श्रीधर खिडकीतून बाहेर बघत होते.

मी स्वयंपाकघरात गेलो. साधना डाव्या हातानं कोथिंबीर निवडत होती. मी सगळं सांगितलं, गुरुवारपासून. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “अहो, सात वर्षं हसले हो मी त्या पोराला.” आणि आतल्या खोलीत गेली. दार अजून बंद आहे. कौमुदी मैत्रेयीला वाढदिवसाच्या पार्टीला घेऊन गेली आहे, सहाला येईल. तिला दारातच सांगेन.

सबब कलम ६ रद्द करतो. माझ्या तेराव्याला काहीही वाचू नये. बाकी कलमं कायम. सह्या या पुरवणीखाली नव्यानं केल्या आहेत.

स्थळ: एर्लांगेन
दिनांक: ५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सही: चंद्रशेखर शरदचंद्र मुजुमदार

साक्षीदार १: श्रीधर गजानन पटवर्धन

साक्षीदार २: मयुरेश अनंत वर्तक
पूर्ण वाचून सही केली. साखर एकशे तीस ग्रॅम होती.