सप्तर्षींची खाट आणि नसलेला राजा

मोहर्ली, बुधवार, ६ मे

सप्तर्षींतील खाट प्रथम गोंड राजाने ओळखली, हे विधान संपूर्णतः असत्य आहे. विश्रामगृहाच्या नव्या फलकावर ते रंगविले आहे आणि खाली माहिती देणारा म्हणून माझे नाव! चाळीस वर्षे विद्यार्थ्यांकडे प्रत्येक विधानाचा आधार मागितला, त्या माझे!

चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, मागचे तीन तिचे चोर. हे मला येथे झाडलोट करणाऱ्या सोनाबाईंनी दाखविले. चैत्रात पहाटे ही खाट मावळतीकडे कलली की त्या मोहफुले वेचायला निघतात. एवढे अचूक निरीक्षण! यात राजा आला कोठून?

संध्याकाळी व्यवस्थापकास जाब विचारला. तो हसला. “काऊन तापता, गुरुजी? राजा लिवला म्हणून लोक थांबून वाचून राह्यले. म्हातारीची खाट कोण पाह्यते?”

अंगण झाडणाऱ्या सोनाबाई तिथेच होत्या. “राजाले मोह वेचाले जा लागे का रे? त्याची खाट त महालात होती!”

सगळे हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, तुमी याले माह्यं नाव नाई सांगतलं का?”

संताप नेमका कोणावर करावा?

फलकावरील नोंद तारखांसह दुरुस्त करून लिहितो :

राजाने खाट ओळखली : अशी तारीखच नाही.
सोनाबाईंनी मला दाखविली : २१ मार्च, पहाटे.
मी व्यवस्थापकास सांगितली, त्यांचे नाव न घेता : २ एप्रिल.
सोनाबाईंची क्षमा मागितली : अद्याप नाही.